सासऱ्याच्या कानासाठी बांधलेला डबा

माझी बायको हवाईयन गिटार वाजवायची असं सांगितलं की लोक आधी माझ्या थोबाडाकडे बघतात आणि मग हसू दाबतात. त्यांचं चुकत नाही. मी सातवीतून शाळा सोडलेला, साताऱ्याकडचा माणूस. मानपाड्याला एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर बांधायच्या एका छोट्या कारखान्यात आयुष्य काढलं. लिहायची सवय नाही. पण ती जाऊन वर्ष होऊन गेलं, मी मुलाकडे दिवा स्टेशनजवळ राहतो, आणि दुपारी भिंतीकडे बघण्यापेक्षा हे बरं.

ज्यांनी ही गिटार बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती आडवी मांडीवर घेतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातात लोखंडाचा गुळगुळीत तुकडा धरून तारांवरून सरकवायचा. सूर उडी मारत नाही, घसरत जातो. मी एकदा म्हणालो, कुणीतरी रडतंय असं वाटतं. ती म्हणाली, "रडत नाय काय. होडी वळते ना पाण्यावर, तसं हाय ते. तुला डोंगरातल्याला काय कळणार."

ती ठाण्याच्या खाडीकाठची, कोळ्याची मुलगी. लहानपणी बाप तिला एका म्हाताऱ्या ख्रिस्ती टीचरबाईंकडे मासळी पोचवायला पाठवायचा. टीचरबाई गिटार शिकवायच्या. ही टोपली खाली ठेवून दारात बसून राहायची. एक दिवस टीचरबाईंनी आत घेतलं, आणि मासळी द्यायला जाणारी पोरगी वाजवायला शिकून आली. पुढे टीचरबाई मुलाकडे परदेशी गेल्या आणि जाताना गिटार हिच्या बापाच्या हवाली करून गेल्या. बापाने ती होडीत घालून घरी आणली. खरं तर रस्त्याने पाच मिनिटांवर घर. पण म्हणाला, एवढी चांगली वस्तू डोक्यावरून काय आणायची.

आमची ओळख कारखान्यात झाली. बाया मशीनवर कॉइल गुंडाळायच्या, आम्ही पुढे पत्रे भरायचो. लग्नाला दोन्हीकडून थोडी आदळआपट झाली, मग सगळे जेवले. त्यांच्या घरात नवऱ्याला अहो-जाहो करायची पद्धत नाही. सगळ्यांना अरे-तुरे. माझी आई गावाहून आली आणि हिने तिच्यासमोर मला "ए, पाणी भर" म्हटलं, तेव्हा आईने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मला ते "ए" आवडायचं.

आम्ही डोंबिवली पूर्वेला एका खोलीत राहायचो. ऐंशीच्या पुढची वर्षं ती. सुट्टी शुक्रवारची, आणि बहुतेक शुक्रवारी आम्ही एसटी पकडून तिच्या माहेरी जायचो. जेवणं झाली की सासरा ओट्यावर जाळं दुरुस्त करायला बसायचा आणि ही त्याच्यासमोर पाट घेऊन वाजवायची. गाणं कुठलंही असो, शेवटी त्यांच्या कोळीवाड्यातल्या हळदीचं एक गाणं व्हायचंच. ते त्याच्या आईचं होतं. म्हणजे त्याची आई ते हळदीला म्हणायची, इतरांपेक्षा एक वळण जास्त घेऊन, आणि त्याने ते वळण हिच्याकडून बसवून घेतलेलं. ते वळण आता गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

सासऱ्याचे कान जात चाललेले हे आम्हाला कुणालाच नीट कळलं नव्हतं. आयुष्यभर होडीच्या डिझेल इंजिनाशेजारी बसलेला माणूस. घरात सगळे मोठ्यानेच बोलायचे, त्यामुळे कळायचं तरी कसं. सासूबाईंना वाटायचं म्हातारा सोंग करतो. "माझं एक ऐकत नाय," त्या मला सांगायच्या, "आणि भाऊ त्याचा गल्लीतून बोलला तरी उठून जातो. बायकोचं नको झालंय आता."

एका शुक्रवारी ही वाजवत होती, आणि तो जाळ्यात डोकं घालून मान डोलवत होता. तेवढ्यात हिच्या पदराला शेजारच्या लहान पोराने ओढलं म्हणून ही मध्येच थांबली. म्हातारा मान डोलवतच राहिला. हिने पोराला बाजूला केलं, गिटार नीट केली, वर बघितलं. तो डोलवतच होता. मग त्याने वर बघितलं, हिचे हात थांबलेले दिसले, आणि म्हणाला, "मस्त झालं गो बाय."

 येताना ही एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. कोपरीच्या पुढे कधीतरी म्हणाली, "किती दिवस असं करत असेल रे तो?"

"कसं?"

"माझ्यासाठी मान हलवतोय."

कानाचं मशीन आणून झालं. ते शिट्या मारतं म्हणून त्याने आठवड्यात खाडीत फेकलं. वर म्हणाला, बोईट मासा खाईल त्याला. मग हिने माझ्याकडे मोर्चा वळवला. "तू जगाला ट्रान्सफॉर्मर बांधून देतोस. माझ्या गिटारला मोठा आवाज दे. त्याला एकदा ते त्याच्या आईचं ऐकू दे, मग काय पण होऊ दे."

आता ट्रान्सफॉर्मर बांधणं वेगळं आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. मी कल्याणला स्टेशनजवळ एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तोंडात कायम मावा, आणि जो येईल त्याचा अपमान करूनच काम करणारा. त्याच्याकडून जुन्या रेडिओचा स्पीकर घेतला, गिटारच्या तारांखाली बसवायचा, त्यांची थरथर पकडणारा पिकअप घेतला, आणि एका टेपरेकॉर्डरमधलं अ‍ॅम्प्लिफायरचं कार्ड घेतलं. घरी येऊन पिकअप सरळ त्या कार्डाला जोडला. आवाज आला, पण कसा, तर बंद दाराआड कुणी दात घासतंय असा. परत कल्याण.

"प्रीअ‍ॅम्प कोण लावणार, तुझा बाप?" तो म्हणाला. "पिकअपमधून निघते ती कुजबुज. तिला आधी बोलायला शिकव, मग ओरडायला लाव." आणि वहीच्या कागदावर एक नकाशा काढून दिला. पावट्याएवढा काळा ट्रान्झिस्टर, चार-पाच रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, दोन-तीन कॅपॅसिटर. बस.

सुट्टी शुक्रवारची आणि आमच्याकडे लाइट जायची तीही शुक्रवारीच. त्या शुक्रवारी आम्ही ठाण्याला गेलो नाही. मला दम नव्हता. कारखान्यातून जाड तारांना कथलाचा डाग द्यायचा तांब्याच्या टोकाचा दांडा आणलेला, तो रॉकेलच्या स्टोव्हवर तापवला आणि ट्रान्झिस्टरला टेकवला. ट्रान्झिस्टर मेला. दुसराही मेला. तिसऱ्यांदा कल्याणला गेलो तेव्हा तो माव्याची पिंक टाकून म्हणाला, "ट्रान्झिस्टर आहे तो. वांगं नाही भाजायला." त्याने त्याची बारीक सोल्डरिंग मला वापरायला दिली, तिथेच, त्याच्या डोळ्यांसमोर.  एवढ्या बारीक पायांना डाग द्यायची सवय कुठे होती मला.

प्रीअ‍ॅम्प बोलायला लागला. राहिला पॉवर सप्लाय, आणि ते माझं काम. तिथे मी कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हतो. मी बायकोला समजावलं. भिंतीतून वीज येते ती हेलकावे खात येते. ट्रान्सफॉर्मर तिला लहान करतो, चार डायोड तिला एकाच दिशेने चालायला लावतात, आणि हा मोठा कॅपॅसिटर उरलेले हेलकावे गिळतो.

"म्हणजे भरती-ओहोटी काढून टाकायची," ती म्हणाली.

"हो."

"मग तळं राहील."

"तळंच पाहिजे."

ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळला, जेवणाच्या सुट्टीत, मालकाला विचारून. देवदारच्या पॅकिंगच्या खोक्यातून पेटी केली. खोक्यावर वर जाणारा बाण छापलेला, ती फळी माझ्याकडून उलटी लागली, तर ही म्हणाली, "राहू दे. आवाज वर उडाला तर बाण बघून खाली येईल." पेटीत वर स्पीकर, खाली ट्रान्सफॉर्मर, आणि मध्ये बिचारा प्रीअ‍ॅम्प. चालू केलं.

ऊंऽऽ असा आवाज यायला लागला. गांधीलमाशी डब्यात कोंडल्यासारखा. गिटार त्याच्या मागून कुठून तरी येत होती.

आता ट्रान्सफॉर्मरवाल्याला सगळ्या रोगांवर एकच औषध सुचतं, ते म्हणजे अजून मोठा ट्रान्सफॉर्मर. मला वाटलं, माझाच कमी पडतोय, ओढ बसतेय त्याच्यावर. मी दुप्पट मोठा गुंडाळला. पेटी उचलताना कमरेत चमक भरायला लागली. आवाज आणखी वाढला. मी त्याहून मोठा बांधायला निघालो होतो. आमच्या कारखान्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं, आणि सांगितलंच होतं.

ही जमिनीवर बसून जवळा निवडत होती. निवडून झाल्यावर तिने तो डब्यात भरला आणि डबा नेहमीसारखा बाहेर गॅलरीत ठेवून आली. सुक्या मासळीचा डबा आमच्या घरात कधी आत राहिला नाही. आत येऊन हात धुतले आणि पेटीच्या पुढ्यात बसली.

"ए, ही कुजबुज कुठे होते यात?"

मी प्रीअ‍ॅम्प दाखवला.

"आणि वीज कुठे घुसते?"

मी ट्रान्सफॉर्मर दाखवला. दोघांत वीतभर अंतर.

"सुके बोंबील आणि दूध एका फळीवर ठेवशील काय तू?"

"नाही."

"मग हे काय केलंस? दूध वास धरतं. त्याला बाहेर काढ."

मला राग आला. पण काढला. ट्रान्सफॉर्मर, डायोड, तो मोठा कॅपॅसिटर, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि लांब वायर टाकून डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मोरीजवळ ठेवला. गांधीलमाशी गेली. अगदी कान लावला तर थोडी. हिने तार छेडली आणि आमच्या खोलीत तो सूर एवढा मोठा होऊन फिरला की शेजारची बाई लाटणं हातात घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. मी बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिने ते हळदीचं गाणं धरलेलं आणि ते वळण परत परत घेऊन बघत होती.

पुढच्या शुक्रवारी पेटी आणि डबा घेऊन निघालो. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "कोंबडी आहे का आत?" ही म्हणाली, "हो, गाणारी आहे. तिकीट लावतोस?"

ओट्यावर पेटी मांडली. अर्धा कोळीवाडा जमला. हिने वाजवलं. लोक खूश झाले, पोरं नाचली, सासूबाईंनी कानावर हात ठेवले. म्हातारा पेटीकडे बघून मान डोलवत होता. गाणं संपल्यावर हिने त्याच्या जवळ जाऊन, तोंडासमोर तोंड धरून विचारलं, "कंचं गाणं होतं?"

तो हसला. "आवाज लई मोठा हाय."

"गाणं कंचं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, सांग म्हणून. मग म्हणाला, "टेम्पोत बसल्यावानी वाटतं."

त्या दिवशी परत येताना पेटी मीच उचलली आणि बिस्किटाचा डबाही मीच. ती पुढे चालत होती, गिटार छातीशी धरून. मला वाटलं संपलं. आवाज देऊन झाला, याहून मोठा काय देणार. घरी पोचल्यावर तिने भात लावला आणि तिथूनच म्हणाली, "आई म्हणते ना, माझं ऐकत नाय आणि भावाचं ऐकतो."

"मग?"

"खोटं नाय बोलत ती. काकाचा आवाज कसाय?"

काकाचा आवाज बैलासारखा. सासूबाईंचा बारीक, तारेसारखा. हिचा पण बारीक. मी आठवत बसलो. माझं तो ऐकायचा. माझा आवाज घोगरा. घरातल्या बायांचं त्याला काही ऐकू यायचं नाही, आणि सगळ्या बाया समजत होत्या की म्हातारा माजलाय. म्हणजे त्याचा कान सगळा गेला नव्हता. बारीक आवाजाचा गेलेला. जाड राहिलेला. आणि हवाईयन गिटार म्हणजे सगळी बारीक आवाजाची.

कल्याणला जाऊन मी त्या मावावाल्याला म्हणालो, मोठा नको, जाड पाहिजे. तो पहिल्यांदाच काही वाकडं बोलला नाही. प्रीअ‍ॅम्पमधला एक कॅपॅसिटर काढून त्याने मोठा घातला, म्हणजे जाड सूर अडणार नाही, आणि एक जास्तीचा लावला, जो बारीक सुराला खाली सोडून देतो. म्हणाला, "इतरांना हे आता गोणपाटातून ऐकल्यासारखं लागेल."

"इतरांना ऐकवायचंच नाही."

घरी हिने दुसरी अर्धी बाजू सांभाळली. बारीक तारा सोडून दिल्या आणि अख्खं गाणं जाड तारांवर खाली उतरवलं. ते वळण तिथे जमेना. लोखंडाचा तुकडा लांब सरकवायला लागायचा आणि वेळ जायचा. ती रोज संध्याकाळी कामावरून आली की चहा ठेवायच्या आधी बसायची. अंगठ्याची कातडी सोलवटली. मला बघवायचं नाही. मी भांडी घासायला घ्यायचो.

या वेळी शुक्रवारी कुणाला सांगितलं नाही. दुपारी सगळे आडवे झालेले. ओट्यावर म्हातारा, ही आणि मी. मी पेटी त्याच्या गुडघ्याजवळ ठेवली, डबा आतल्या खोलीत. हिने सुरू केलं. पेटीतून जो आवाज निघत होता तो मला तरी चांगला वाटला नाही. जडशीळ, ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा. म्हातारा मान डोलवायला लागला.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मान डोलवणं ती आता मानणार नव्हती.

ती ते वळण जवळ आलं तशी हळू झाली, आणि ते घेतलंच नाही. सगळा गाव जसं म्हणतो तसं, सरळ, पुढे निघून गेली. मुद्दाम. मला आधी कळलंच नाही. मला वाटलं अंगठा दुखला.

म्हाताऱ्याची मान थांबली. जाळं खाली ठेवलं.

"चुकलीस," तो म्हणाला.

ही वाजवतच होती, वर न बघता.

"चुकलीस गो. थांब. माझे आयेचं तसं नाय." आणि त्याने हात वर करून हवेत ते वळण काढून दाखवलं, वल्हं फिरवतात तसं. "असं जातं. परत घे."

तिने परत घेतलं. बरोबर. त्याने डोळे मिटले. तिसऱ्यांदा घेताना तोही म्हणायला लागला, बेसूर, फाटक्या आवाजात, पण जिथे वळायचं तिथे वळत होता. सासूबाई आतून उठून आल्या, "काय झालं, कोण मेलं?" म्हणत, आणि चौकटीत बसल्या. हिच्या डोळ्यांतून पाणी गिटारवर पडत होतं आणि ती पदराने पुसायलाही थांबत नव्हती. मी पेटीची वायर घट्ट धरून बसलो. पिन सैल होती, निघाली असती.

त्यानंतर बरीच वर्षं ते शुक्रवार चालले. नव्वदनंतर म्हातारा होडीवर जायचा बंद झाला, खाडीत तसंही काही राहिलं नव्हतं. तो शेवटचा आजारी पडला तेव्हाही पेटी त्याच्या खाटेला लावून ठेवलेली. तो गेल्यावर मी पेटी घरी आणली आणि त्याच दिवशी तो जास्तीचा कॅपॅसिटर काढायला बसलो. म्हटलं आता चांगला, गोड आवाज करून देतो तुला. तिने हात धरला.

"नको. ती लावायची नाय आता."

"का?"

"तू काय बहिरा हायस?"

मग ती तशीच वाजवायला लागली, पेटीशिवाय, पुन्हा बारीक तारांवर. लोकांना वाटतं मी त्या पेटीसाठी झुरत असेन. मुलगा म्हणतो, बाबा, ती माळ्यावर आहे, काढू का? पेटीचं मला काही नाही. मला ते पेटीशिवायचं पाहिजे. आम्ही जेवायला बसायचो, म्हणजे मी बसायचो, तिला नंतर जेवायची सवय. ती खिडकीखाली पाय पसरून गिटार मांडीवर घ्यायची. इतकं हळू वाजवायची की बाजूचा कुकर झाला तर बुडून जायचं. घास चावताना ऐकू यायचं नाही. म्हणून मी चावायचं थांबायचो. भात ठीक आहे, भात तोंडात धरून बसता येतं. पापड असला की पंचाईत. पापड मोडला की तो सूर गेलाच.

ती हात न थांबवता म्हणायची, "खा रे. मी काय पळून जातेय."

मी पापड ताटाच्या कडेला ठेवून द्यायचो, तिचं संपेपर्यंत. वरणाची वाफ लागून तो मऊ पडायचा, कातड्यासारखा. मग तसाच खायचो.

सून चांगली आहे. ताटात पापड तसाच राहिलेला दिसला की विचारते, "बाबा, मऊ पडला, दुसरा तळून देऊ?" मी नको म्हणतो.